खेड्यातील शाळा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज पारितोषिके मिळविणाऱ्या मुलामुलींचे मी प्रथम मनापासून अभिनंदन करतो. त्यांच्या आजोबा-पणजोबांची शाळा कशी होती, याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा मला झाली आहे.

आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या नावांनी ओळखला जाणारा मुलूख तेव्हा पूर्व व पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. तेथील लहान खेड्यातली शाळा बहुधा एकशिक्षकी असे. कोठे ती मारुतीच्या देवळात भरे, कोठे चावडीत, तर कोठे एखाद्या वाड्याच्या पडवीत. एकच मास्तर साऱ्या इयत्ता सांभाळीत व मोठी मुले लहानांकडून पाढे घोकून घेत. पावकी, निमकी, दिडकीची उजळणी साऱ्या आळीला ऐकू येई. घरी अहिराणीत ‘मना’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात ‘माझा’ वाचावे लागे. डेप्युटीसाहेब तपासणीस येणार म्हटले की मुलेच जमीन सारवीत. कपाशी वेचणीला आली की मात्र हजेरी उतरे. कारण घरच्या कामाला मुलांचे हात लागत. गावाची पत्रे वाचणे, उत्तरे लिहिणे, कित्येक ठिकाणी टपालाचे काम पाहणे, हेही मास्तरांकडेच असे. गावही त्यांच्या घरी जोंधळा-भाजीपाला पोचवी.

या चित्राची दुसरी बाजू मात्र झाकून ठेवणे योग्य नव्हे. अस्पृश्य मानलेल्या मुलांना अनेक शाळांत वर्गाबाहेर बसावे लागे. मुली तर फारच थोड्या येत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळखही लाभली नाही. त्यांच्या तोंडची गाणी सोपानदेवांनी व एका आप्ताने लिहून ठेवली, म्हणून ती १९५२ साली ग्रंथरूपाने जगासमोर आली. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करीत आहे. परंतु ज्यांची गाणी कोणीच टिपून घेतली नाहीत, अशा आपल्या आज्या-पणज्या किती असतील, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

गावची शाळा संपल्यावर खरी अडचण उभी राही. तालुक्याच्या गावी मुलाने राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे? हुशार मुलांचे शिक्षण या एका प्रश्नापाशी थांबे. म्हणूनच छात्रालयाचे महत्त्व शाळेइतकेच मोठे आहे. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले व पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ते मुलांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेले कपडे नीट ठेवीत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही काढीत. १९३० साली ते नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. पुढे १९४७ साली विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी पंढरपुरास उपोषण केले. मुलांचे अंथरूण आवरणारे हात आणि मंदिराचे दार उघडू पाहणारे हात एकाच माणसाचे होते.

ज्ञातिवार वसतिगृहांची वाट शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात घालून दिली. ज्या समाजाला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या मुलांना तिने आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात एक पाऊल पुढे टाकले व सर्व जातींची मुले एकाच वसतिगृहात, एकाच पंक्तीला बसविली. आपल्यासारख्या मंडळांनी या दोन्ही वाटा ध्यानात ठेवावयास हव्यात. आपल्या मुलांना हात देणे हे आपले कर्तव्यच आहे. तथापि आपल्या मदतीची सीमा आपल्याच उंबरठ्यापाशी संपू नये.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की, शिष्यवृत्ती देताना गाव सोडून शिकावयास जाणाऱ्या मुलींचा विचार आधी व्हावा. आजही कित्येक घरी मुलाला खोली भाड्याने घेऊन देतात आणि मुलीला मात्र दूर म्हणून घरी बसवितात. दुसरी सूचना अशी की, आपल्या निधीतून दहा विद्यार्थ्यांची सोय होत असेल, तर त्यांतील दोन पाने ज्ञातीबाहेरच्या गरजू मुलांसाठी मांडावीत. काही सभासदांना ही सूचना रुचणार नाही, हे मी जाणतो. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, आपल्या वाडवडिलांना शिकविणाऱ्या मास्तरांची जात कोणती होती, हे त्यांनी घरी आठवून पाहावे. पुष्कळांना ती आपल्याहून वेगळीच आढळेल.

कार्यकारी मंडळाने या सूचनांचा विचार करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.