विंचवाचे विष आणि महाडचा शोध



रसायन म्हटले की रोहेकरांना धाटावचे कारखाने आठवतात. मी बोलणार आहे ते रसायन कातकरीवाडीत लाकडाच्या मोळीत नाहीतर भट्टीवरच्या विटांखाली दडलेले असते. लाल विंचवाचे विष.

या विषाचे रेणू मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवतात, मिटू देत नाहीत. मग शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. मूल असेल तर काही तासांतच दगावू शकते.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात सापडला. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून आले. रुग्णांच्या खाटेशी बसून त्यांनी बारीक नोंदी केल्या. प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी. त्या द्रव्यांना रक्तवाहिन्यांवर जिथे चिकटायचे असते, ती जागाच ही गोळी अडवते. १९८० च्या दशकात त्यांनी ती विंचूदंशावर वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस जात. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे महाडमध्येच ७० रुग्णांवर अभ्यास झाला. गोळीबरोबर विंचवाची प्रतिविष लस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवर ८. हा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

मात्र गोळी घरात ठेवून आपणच देऊ नका. रक्तदाब एकदम उतरू शकतो, डॉक्टरांची नजर लागते.

काही विश्वासणारे विचारतात, प्रार्थना असताना औषध कशाला? लूक स्वतः वैद्य होता. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल ओतले, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि खर्चही दिला. प्रार्थना जरूर करा, पण रिक्षात बसून करा.

भगताला मी नावे ठेवत नाही. रात्री दोन वाजता वाडीवर हाक मारली तर तोच उठून येतो. पण त्याच्या अंगणात जे दोन-तीन तास जातात, तेच जिवावर बेततात. त्यालाच सांगायला हवे, तू मंत्र म्हण, पण गाडीत बसून.

पावसाआधी माणसे भट्ट्यांवरून परततील. तोवर प्रत्येक वाडीत एका घरी रिक्षाचे भाडे, रिक्षावाल्याचा नंबर आणि एक बॅटरी ठेवायची आहे. पेणकडच्या वाड्यांची यादी तयार आहे. रोह्याकडची बाकी आहे. तिकडच्या मंडळींनी आज सभा संपल्यावर थांबावे.