बर्फ, चिखल आणि मालमोटारीचा टायर

बैलगाडीच्या चाकावर एकदां लोखंडी धांव चढविली कीं उन्हाळा-पावसाळा न पाहतां ती वर्षानुवर्षें चालते. मालमोटारीच्या रबरी टायराचें तसें नाहीं. तो ज्या भूमीवर फिरावयाचा, ती भूमि ओळखून घ्यावा लागतो. आणि भूमीच प्रहराप्रहराला रूप पालटूं लागली, म्हणजे जाणत्या मालकासही विचार पडतो.

काश्मीरचें खोरें व लडाख यांना जोडणारा झोजी ला घाट हा अशा भूमीचा उत्तम नमुना होय. त्याची उंची सुमारें ११,६०० फूट. पूर्वीं हिवाळ्यांत हा मार्ग कित्येक महिने बंद राही. अलीकडे बर्फ हटविण्याचें काम इतकें झपाट्यानें होतें कीं, २०२५ सालीं अवघ्या ३२ दिवसांनीं तो पुन्हां खुला झाला. लडाखच्या रहिवाशांची यामुळें मोठी सोय झाली. परंतु मालमोटारीही अधिक कठीण दिवसांत घाट चढूं लागल्या. पहांटे रस्ता गोठलेला, दुपारीं बर्फ वितळून झालेला चिखल, आणि सायंकाळीं तोच चिखल पुन्हां दगडासारखा कडक! या दोन्ही अवस्थांतून एकाच टायरानें कसें जावें?

मोठमोठ्या उंचवट्यांचा व रुंद खांचांचा दणकट टायर चिखल तुडवितो, तेव्हां तो बर्फही तुडवील, अशी पुष्कळांची समजूत असते. ती घातक आहे. चिखलांत टायराच्या खांचा मोकळ्या राहाव्या लागतात. कणकेनें बरबटलेल्या हाताचीं बोटें असून नसल्यासारखीं होतात. तसाच चिखलानें भरलेला टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागीं फिरतो. म्हणून खांचा रुंद हव्यात, म्हणजे चाक फिरतांना चिखल बाहेर फेकला जातो.

बर्फाचा न्याय उलट आहे. रव्याचा लाडू मुठींत दाबून वळतात, त्याप्रमाणें भुसभुशीत बर्फ दाबला कीं बर्फालाच चिकटतो. हिवाळी टायराच्या नक्षींत बारीक चिरा असतात. त्यांत थोडा बर्फ अडकून राहतो व तोच खालच्या बर्फाला धरतो. शिवाय चिरांच्या असंख्य कडा रस्त्याला बिलगतात. सामान्य टायराचें रबर सुमारें ७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं ताठर होऊं लागतें. हिवाळी टायराचें मऊ राहतें. तात्पर्य, एकाचा गुण टाकण्यांत, तर दुसऱ्याचा धरण्यांत आहे. दोन्ही गुण पूर्णत्वानें एका टायरांत नांदणें अशक्य.

तर मग निवड कशी करावी? धोक्याचें वजन करून. चिखलांत रुतलेली गाडी थांबते; बर्फावर घसरलेली थांबत नाहीं. पहिलींत वेळ जातो, दुसरींत प्राण. म्हणून बर्फाला अग्रमान द्यावा. पुढच्या चाकांवर गाडीचें वळणें अवलंबून असतें. तेथें हिवाळी टायरच असावा. इंजिनाचा जोर ज्या मागच्या चाकांवर येतो, तेथें कडेला मोकळ्या खांचा व मध्यें बारीक चिरा असलेला हिवाळी टायर घेतल्यास चिखलाचीही बरीच सोय होते. भारक्षमता अर्थातच सर्वांआधीं पाहावी.

खरेदीच्या वेळीं टायराच्या बाजूवरील खूण वाचावी. ‘एम’ व ‘एस’ हीं अक्षरें चिखल आणि बर्फ सुचवितात, पण त्यांसाठीं बर्फावरील परीक्षा आवश्यक नसते. तीन शिखरें व हिमकण यांचें चिन्ह मात्र अशी परीक्षा उतरल्यावरच मिळतें. जर्मनींत ऑक्टोबर २०२४ पासून केवळ याच चिन्हाचा टायर हिवाळी मानला जातो. झिजेकडेही लक्ष हवें. ऑस्ट्रियांत साडेतीन टनांवरील गाडीच्या रेडियल टायराची नक्षी ५ मिलिमीटरहून उथळ झाली कीं तो हिवाळी टायर राहत नाहीं.

हवेचा दाब हा आणखी एक दुर्लक्षित विषय. २७ अंश उष्णतेंत १०० पौंड दाबाची हवा भरलेला टायर त्याच जागीं उणे १३ अंशांत उभा राहिला, तर दाब सुमारें ८५ पौंडांवर येतो. थंडींत दाब तपासून घेणें म्हणूनच अगत्याचें. चिखलांतून सुटण्यासाठीं हवा थोडी कमी केली, तर पक्क्या रस्त्यावर येतांच ती पुन्हां भरली पाहिजे. नाहींतर भारानें टायर तापून फुटावयाचा.

आणि कितीही उत्तम टायर असला तरी कांचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर त्याचें बळ संपतें. तेथें लोखंडी साखळ्यांवांचून गति नाहीं. खोल चिखलांतही त्या उपयोगीं पडतात. टायरांचा हिशेब बहुधा शहरांतील पेढीवर होतो, पण त्याची प्रचीति घाटाच्या कड्यावर गाडी हांकणारास येते. हिशेब करणारानें वहींत आंकडा मांडतांना तो कडा डोळ्यांपुढें आणावा. निवड आपोआप योग्य होईल.