आंधळ्याची काठी आणि धरणारा हात
(देवळा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)



म्हातारपणी आधार देणाऱ्या एकुलत्या लेकाला आपण ‘आंधळ्याची काठी’ म्हणतो. या शब्दांत सगळा मान काठीला मिळतो आणि ती धरणाऱ्याच्या वाट्याला कीव येते. पण खरी काठी कशी चालते ते बघा. पुढे ती असते, तरी कुठे जायचे हे हातच ठरवतो. मला आज या ठरवण्याबद्दल बोलायचे आहे.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. जर्मनीतल्या या कामावर डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ साली लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला. मॉरिस तोवर पगारी पोऱ्याच्या हाताला धरून हिंडायचा. पोऱ्या कंटाळला, की याचेही हिंडणे संपले. बाईंनी त्याला स्वित्झर्लंडला शिकायला बोलावले. १९२८ साली ‘बडी’ या कुत्रीबरोबर तो न्यूयॉर्कला परतला आणि वार्ताहरांच्या देखत गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडला. बाईंना त्याने एका शब्दाची तार केली: ‘यश’. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही शाळा उभी राहिली.

बडीने त्याला पलीकडे नेले, असे आपण म्हणू. ते अर्धेच खरे. या कुत्र्यांना सिग्नलचा लाल-हिरवा समजत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून माणूस ‘पुढे’ म्हणतो. वाट माणसाच्या डोक्यात असते, खड्डा आणि खांब कुत्रा चुकवतो. अंगावर गाडी येत असेल, तर मात्र हुकूम मोडून तो जागचा हलत नाही. केव्हा ऐकायचे नाही, हेही त्याला शिकवलेले असते.

आपल्याकडे कुत्रा कांद्याच्या चाळीची राखण करतो. वाटाड्या कुत्रा आपल्या रस्त्यांवर जवळजवळ दिसतच नाही. शाळा हव्यात, प्रशिक्षक हवेत, पायी चालायला मोकळी कड हवी. म्हणून इथला अंध माणूस पांढरी काठी घेऊन आणि आपल्या भरवशावर घराबाहेर पडतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील कॉलेजसाठी रोज लोकलने मुंबई गाठत. कोणी त्यांना रस्ता ओलांडून देई, तर कोणी विचारी, रोज एवढ्या लांब कशाला येतेस? त्या येत राहिल्या. २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी पदभार घेतला. मदत दोघांनाही करायची असेल, पण दुसऱ्याने त्यांचा रस्ताच आखून टाकला होता.

बडीला जे जमले ते आपल्यालाही जमेल. आपल्या पाचकंदील चौकात कांद्याचे ट्रॅक्टर लागलेले असताना कोणी पांढरी काठी घेऊन उभा दिसला, तर त्याचा दंड धरून ओढू नका. काठीला हात लावू नका. आधी बोला, कुठे जायचे ते विचारा. हवे असेल, तर आपले कोपर पुढे करा, त्याला ते धरू द्या आणि अर्धे पाऊल पुढे चाला. पायरी आली, की सांगा. दुकानाची पायरी, मोटरसायकल, भाजीची पाटी त्याच्या वाटेतून आधीच बाजूला घ्या.

आणि तो म्हणाला, ‘नको, जाईन मी’, तर वाट मोकळी करून द्या.