चार किलोमीटरचा हिशेब



आज व्याजदरांआधी सायकलबद्दल बोलणार आहे. बँकेच्या कार्यक्रमात सायकल कशाला, असं वाटेल; पण तुमच्या बचतीला गळती कुठे लागते ते शोधायचं तर रोजच्या ये-जा खर्चापासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्यापैकी काही जण नोकरीसाठी, तर काही कुटुंबं खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी इकडे उत्तरेत आली. हापूड, दादरी, सोनिपत, मानेसरच्या आसपासच्या वस्त्यांत आपण राहतो. दिल्ली जवळ असली, तरी गावापासून मुख्य चौकापर्यंत बस नाही. घरात गाडी असेल तर ठीक, नाहीतर ई-रिक्षाची वाट बघायची.

आता वही-पेन घ्या. घर ते चौक ४ किलोमीटर धरू. ई-रिक्षाचे एका बाजूचे २० रुपये, म्हणजे रोजचे ४०. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०४० रुपये.

यावर आपल्याला पहिला उपाय सुचतो तो मोटारसायकलचा. समजा ७५,००० रुपयांचं कर्ज ११ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलं. हप्ता बसतो सुमारे २,४५५ रुपये आणि एकूण व्याज १३,००० च्या वर जातं. शिवाय विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग. २०८ किलोमीटरला पेट्रोल साधारण ४०० रुपयांचं लागेल. म्हणजे खिसा रिकामा करतो तो हप्ता, पेट्रोल नव्हे. कर्ज देणाऱ्या बाजूच्या खुर्चीत बसूनच मी हे सांगते आहे. ज्यांना रोज २० किलोमीटर जायचंय त्यांनी मोटारसायकल जरूर घ्यावी, कर्ज आम्ही देऊ. प्रश्न आहे तो चार किलोमीटरचा.

साधी सायकल ६,००० रुपयांची धरा, दुरुस्तीला महिन्याला १०० रुपये ठेवा. रिक्षाचे १,०४० वाचले, १०० गेले, उरले ९४०. सातव्या महिन्यात सायकलची किंमत वसूल होते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा नवी घेताना पक्कं बिल मागून घ्या.

त्यानंतर दरमहा ९०० रुपयांचं आवर्ती ठेव खातं उघडा. साडेसहा टक्के दर धरला तर ३ वर्षांत तुमचे ३२,४०० रुपये भरले जातात आणि हातात सुमारे ३५,८०० येतात. दर बदलत असतात, त्यामुळे आजचा दर शाखेत विचारा. मोटारसायकलच्या ३ वर्षांत तुम्ही बँकेला व्याज देता, इथे बँक तुम्हाला देते.

आता वहिनी-ताईंसाठी. खातं तुमच्या नावावर असतं. पण शाखेत यायचं तर कुणीतरी आणून सोडावं लागतं. मग पासबुक ‘यांच्याकडे’ देऊन पाठवलं जातं. हळूहळू खात्यात किती आहे हेसुद्धा दुसऱ्यालाच ठाऊक असतं. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्यात आली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका अशा हजारो बायका शिकल्या. सुरुवातीला लोकांनी टोमणे मारले, पण बायका थांबल्या नाहीत. त्यांना बाजाराला, पाण्याला, कामाला जाण्यासाठी कुणाची वाट बघावी लागेना. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे.

“आता या वयात कुठे शिकू?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शिकता येतं. मिस्त्रीकडून दोन्ही पायडल काढून घ्या आणि सीट इतकी खाली करा की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानात पायांनी ढकलत चाला. तोल सापडला की पायडल बसवा. मधला दांडा नसलेली, चेनकव्हर असलेली सायकल घ्या. ओढणी किंवा पदर खोचून ठेवा. रोज अर्धा तास द्या आणि घाई करू नका.

धोका मात्र लपवणार नाही. ईस्टर्न पेरिफेरल किंवा यमुना एक्स्प्रेसवेवर सायकलला परवानगी नाही, त्याच्या कडेनेही जाऊ नका. डंपरच्या रस्त्यापेक्षा गावातला एक किलोमीटर लांबचा रस्ता बरा. मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. जानेवारीच्या दाट धुक्यात आणि हवेचा निर्देशांक ४०० च्या वर असेल त्या दिवशी सायकल घरीच ठेवा. अशा दिवसांच्या रिक्षासाठीच ९४० पैकी ४० रुपये मी ठेवीत घातले नाहीत. कमी पडले तर त्या महिन्याच्या दुरुस्तीच्या पैशांतून घ्या.

सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरावा. वय १८ ते ७०, हप्ता वर्षाला फक्त २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास १ लाख. मुदत १ जून ते ३१ मे. मेअखेरीस खात्यात शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. खाती कितीही असली तरी विमा एकाच खात्यावर मिळतो. वारसाचं नाव नोंदवलं आहे का, तेही बघून घ्या.

उद्यापासून एक महिना ये-जा करण्यावरचा प्रत्येक रुपया वहीत लिहा, अंतरही लिहा. ती वही घेऊन शाखेत या. तुमच्यासाठी सायकल बरी, मोटारसायकल बरी की रिक्षाच बरी, ते आपण तुमच्याच आकड्यांवरून ठरवू.