वाढवणचं बंदर आणि आपण

(कामगार वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, तारखा तेवढ्या नीट लावून घेतल्या.)



मला विषय दिलाय आदिवासींच्या हक्कांचा. मी प्राध्यापक नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. कंत्राटदाराच्या टोळीत आहे, कॉइल उतरवतो, पोती उतरवतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. तेव्हा सगळ्या जगाच्या आदिवासींवर मी बोलणार नाही. चर्चगेटहून लोकल पकडली तर जिथं शेवटी गाडी रिकामी होते, त्या डहाणूवर बोलतो. कारण डहाणूचा प्रश्न आता आपल्या चाळीत येऊन बसलाय. फक्त तो आदिवासींचा प्रश्न म्हणून आलेला नाही, नोकरी म्हणून आलाय.

वाढवण. डहाणू तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. तिथं देशातलं सगळ्यात मोठं म्हणवलं जाणारं बंदर होतंय. १९ जून २०२४ ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली. नऊ कंटेनर टर्मिनल. चौदाशे हेक्टरच्या वर समुद्र भरायचा. आणि रोजगार किती? सरकारी कागद कधी दहा लाख म्हणतो, कधी बारा लाख.

हे ऐकून आपली पोरं खूश आहेत. मी त्यांना दोष देत नाही. घरात बाप बसलेला, बहीण शिकतेय, आणि कुणी म्हणतं की बारा लाख नोकऱ्या निघणार. माणूस फॉर्म भरणारच. पण फॉर्म भरायच्या आधी एक विचारा : ही भाकरी कुणाच्या ताटातली आहे?

सरकार म्हणतं, बंदर समुद्रात भरणी करून होणार, कुणाचं गाव उठणार नाही. बरोबर. समुद्रात घरं नसतात. पण समुद्रात जाळं असतं. तिथला मच्छीमार त्यावर जगतो. आणि समुद्र हवेनं भरत नाही. त्याला दगड लागतो, मुरूम लागतो, म्हणजे डोंगर लागतो. टर्मिनलवर उतरलेला कंटेनर उडत जात नाही. त्याला हमरस्ता लागतो, रेल्वे लागते, आणि ती किनाऱ्यावरून आत जाते. आत कोण आहे? वारली आहे, कातकरी आहे, मल्हार कोळी आहे, धोडी आहे, दुबळा आहे. डहाणू हा पाचव्या अनुसूचीतला तालुका. घटनेनं सांगितलेला आदिवासींचा मुलूख.

आता कायदा बघू. कायदा नाही असं नाही. कायदे इतके आहेत की आदिवासीनं ते डोक्यावर घेतले तर मान मोडेल.

१९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायची तर आधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करा म्हणतो. २००६ चा वनहक्क कायदा. पिढ्यान् पिढ्या जो जंगल कसतोय त्याच्यावर इतिहासात अन्याय झाला, असं त्या कायद्याच्या पहिल्याच पानावर सरकारनं स्वतः लिहून दिलंय. २०१३ चा भूसंपादन कायदा. तो तर सल्ल्यावर थांबत नाही, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची आधी संमती घ्या म्हणतो. आणि वर संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा, १३ सप्टेंबर २००७ चा. मूळ रहिवाशांच्या जमिनीला हात लावायच्या आधी त्यांना विचारा. मोकळेपणी विचारा, आधी विचारा, सगळी माहिती देऊन विचारा. भारतानं त्याच्या बाजूनं हात वर केला. १४४ देशांनी केला. पण हात वर करताना आपलं सरकार काय म्हणालं? आमच्याकडे सगळेच मूळ रहिवासी. म्हणजे सावकारही मूळ रहिवासी, वेठबिगारही मूळ रहिवासी. वा रे समता! गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे सगळे एकाच गावचे, हेच ऐकत आपण इथवर आलोय.

आता या कायद्यांना भोकं कुठं आहेत ते दाखवतो. २०१३ च्या कायद्याच्या शेवटी एक यादी जोडलीय. त्या यादीतल्या कायद्यांखाली जमीन घेतली तर हा कायदा सगळाच्या सगळा लागू होत नाही. यादीत कोण आहे? राष्ट्रीय महामार्गाचा १९५६ चा कायदा. रेल्वेचा १९८९ चा कायदा. म्हणजे बंदराला जे दोन हात लागतात, रस्ता आणि रूळ, तेच संमतीच्या कलमातून सुटले. भरपाई मिळेल. पण 'नाही' म्हणायचा हक्क गेला. दोस्तांनो, मला हक्काचा अर्थ एवढाच कळतो. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला किंमत नाही.

आणि डहाणूनं 'नाही' म्हणून पाहिलंय. १९९१ ला केंद्रानंच हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. तेव्हा पी अँड ओ ही परदेशी कंपनी वाढवणला बंदर बांधायला निघाली होती. १९९८ मध्ये प्राधिकरण म्हणालं, इथं बंदर होणार नाही. कंपनी गेली. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ ला वारले. आणि ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं अटी घालून परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये हायकोर्टानं ती कायम केली. समुद्र तोच. किनारा तोच. मासा तोच. वारली तोच. मग बदललं काय? ते तुम्ही मला सांगा.

जंगलातही हेच. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून बाहेर काढा. दहा लाखांवर दावे. देशभर बोंब झाली, मोर्चे निघाले, तेव्हा पंधरा दिवसांत त्याच कोर्टानं तो आदेश थांबवला. दावा फेटाळला का, तर कागद नाही. ज्याच्या आज्यानं कागद बघितला तो फक्त सावकाराच्या हातात आणि अंगठा देण्यापुरता, त्याच्याकडे कागद मागतात!

हे मला समजतं, कारण गोदीतही तेच चालतं. आमच्या टोळीतल्या एकाचा हात रॉडखाली सापडून मोडला. कंत्राटदार म्हणाला, हजेरीपटावर याचं नावच नाही. चार वर्षं तो पोरगा तिथं घाम गाळत होता, पण कागदावर तो नव्हताच. हजेरीपटावर नाव नसलेला कामगार आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला आदिवासी, दोघांना गायब करायची रीत एकच.

कुणी म्हणेल, आदिवासी गरीब बिचारा, भोळा, त्याला आपण वाचवू. ही वरच्या जातीच्या समाजसेवकाची भाषा आहे. ती आपण तोंडात घ्यायची नाही. तो भोळा असता तर १९४५ झालं नसतं.

१९४५ साली याच डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारली उठला. तेव्हा काय होतं? वेठ होती. आणि लग्नगडी होता, म्हणजे लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं जन्मभर जमीनदाराकडे गडी. किसान सभेचं काम घेऊन शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथं गेले. मे महिन्यात झरी गावात सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. मग गवत कापायचा हंगाम आला. वारल्यांनी भाव मागितला : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याशिवाय विळा उचलणार नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण मेले. जेठ्या गांगड त्यातला एक. पण वेठ गेली ती गेलीच. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवलंय. वाचा ते पुस्तक.

आता त्या गोळीबारानंतर सात महिन्यांनी दुनियेच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते ऐका, कारण त्यात गोदीवाल्याला शिकण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पिलबारा नावाचा मुलूख. तिथले मूळचे काळे लोक गोऱ्यांच्या मेंढ्या राखायचे. पगार काय? पीठ, चहा, जुने कपडे. कित्येकांना रोख पैसा नाहीच. १ मे १९४६ ला, कामगार दिनाला, सुमारे आठशे माणसं काम टाकून निघाली. लिहिता-वाचता येत नव्हतं, तर दिवस मोजायला डब्यांच्या कागदावर खुणा करून कॅलेंडरं केली आणि गुपचूप शेकडो मैल फिरवली. पुढाऱ्यांना तुरुंगात घातलं. संप चालूच. तीन वर्षं. मग १९४९ ला खलाशांच्या युनियननं सांगितलं : पिलबाराची लोकर आम्ही जहाजावर नेणार नाही. गोरे खलाशी होते ते. त्यांचा पगार काही त्या लोकरीनं बुडत नव्हता. पण लोकर अडली, आणि जे सरकार तीन वर्षं ऐकत नव्हतं ते बोलणीला आलं. काम झाल्यावर दिल्या शब्दावरून ते फिरलंही. पण त्या माणसांतली कित्येक जण मेंढ्यांकडे परत गेलीच नाहीत. स्वतःच्या खाणी काढून जगली.

डोंगरातला माणूस काम थांबवतो, पण त्याच्या घामाचा माल शेवटी धक्क्यावर येतो. धक्क्यावर आपण असतो. म्हणून आदिवासीचा प्रश्न हा गोदी कामगाराचा प्रश्न आहे. आपण दयाळू म्हणून हे म्हणत नाही. हुक आपल्या हातात आहे म्हणून म्हणतो.

आता नोकरीचं. मुंबईच्या गोदीत एकेकाळी पाळीला हजारो माणसं आत जात. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा झाला, बोर्ड झालं, नोंदणी झाली, कामाची हमी आली. बापजाद्यांनी लढून मिळवलेलं ते. मग कंटेनर आला. १९८९ ला पलीकडं न्हावा-शेवा सुरू झालं. पोत्याला हजार हात लागायचे, कंटेनरला एक क्रेन लागते. नोंदलेला कामगार निवृत्त झाला, त्याच्या जागी कंत्राटी आला, आणि तो कंत्राटी म्हणजे मी. न्हावा-शेव्याच्या वेळीही नोकऱ्यांचीच गाणी गायली होती. शेवा कोळीवाडा उठवून उरणजवळ नेऊन बसवला, तिथल्या घरांना वाळवी लागली. ती माणसं अजून नीट पुनर्वसन मागतायत. वाढवणचा मच्छीमार हे बघून शहाणा झाला. आपण कधी होणार?

उद्या वाढवणला आपल्याला कामावर घेतीलही. आणि संरक्षणाला उभे करतील. एका बाजूला जमिनीसाठी आलेला वारली, दुसऱ्या बाजूला सिक्युरिटीच्या कपड्यात आपला पोरगा. भूक भुकेशी लढेल आणि मालक वरून बघेल. हे होऊ द्यायचं का, एवढाच आजचा सवाल आहे.

कुणी म्हणतं, आपण दलित, ते आदिवासी, त्यांचं ते बघतील. त्यानं १९७३ चा पँथरचा जाहीरनामा काढून बघावा. दलित कोण? अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. 'जमाती' हा शब्द तिथं शाईनं छापलाय. तो आपण जगण्यातून खोडला.

आणि पाण्याचं विसरू नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या ओंजळीची आपण मुलं. आज आपल्या नळाला येतं ते पाणी कुठलं? तानसा, वैतरणा, भातसा. ज्या शहापुरातून ते येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाया बसलेल्या असतात. सूर्या धरणाचं पाणी डहाणू-पालघरच्या शेतीला म्हणून सांगितलं, आज ते वसई-विरारलाही जातं. तळं वरच्यांच्या हातात होतं तेव्हा आपण भांडलो. आता नळ आपल्या हातात आहे, तर गप्प बसायचं?

शहराला वारलीचं चित्र चालतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ ला पद्मश्री दिली, हॉटेलच्या भिंतीवर वारल्यांचा नाच रंगवला. भिंतीवरचा वारली नाचतो, भाव मागत नाही. जिता वारली मागतो, म्हणून तो नको.

करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

एक, डहाणूला जा. सहलीला नाही. पाड्यावर बसा, ग्रामसभेत काय ठराव झाले ते विचारा, आणि ते इथल्या वस्तीत वाचून दाखवा. दोन, आपल्या युनियनच्या सभेत हा प्रश्न मांडा. युनियन म्हणेल विषय आपला नाही. परत मांडा. तीन, नोकरी मागाच, पण कायम नोकरी मागा, आणि पहिला हक्क ज्याचा समुद्र आणि जमीन जाते त्याचा, हे त्याच अर्जात लिहा. चार, ग्रामसभेची संमती सगळ्या कामांना लागली पाहिजे, रस्ता असो की रूळ. ती भोकाची यादी रद्द करा, ही मागणी जयंतीच्या बॅनरवर आली पाहिजे. डीजेला जेवढे पैसे लागतात त्याच्या दहाव्या हिश्श्यात ती येते.

आदिवासी आपल्याकडे भीक मागत नाही. तो विचारतो, तुम्ही कुणाच्या बाजूनं धक्क्यावर उभे राहणार? उत्तर भाषणात देता येत नाही. ते पाळीवर द्यावं लागतं.

जयभीम! जोहार!