दगडाला रंग प्रकाशाचा

फ्रान्समधील आमिएन् शहरीं एक विशाल कॅथीड्रल आहे. त्याचें बांधकाम १२२० सालीं सुरू झालें. त्याच्या पश्चिमद्वारावरील संतांच्या पाषाणमूर्ति करड्या म्हणूनच लोकांच्या परिचयाच्या होत्या. १९९० नंतरच्या दशकांत लेसर-किरणांनीं त्यांवरील काजळी काढतांना सांदीकोपऱ्यांतून रंगाचे कण आढळले. मध्ययुगांत या मूर्ति रंगविलेल्या होत्या तर!

ते रंग पुन्हां दाखवावयाचे कसे? कुंचल्यानें मूर्ति रंगविणें म्हणजे उरलासुरला पुरावाच झांकून टाकणें. तेथील लोकांनीं निराळी वाट धरली. रात्रीं समोरच्या चौकांतून प्रत्येक मूर्तीच्या वस्त्रावर, केशांवर, मुखावर त्या त्या रंगाचा प्रकाश टाकावयाचा. चित्र बोटभर जरी सरकलें तरी वस्त्राचा रंग गालावर चढतो. म्हणून मोजमाप फार कांटेकोर लागतें. दिवा मालवला कीं दगड पूर्ववत् ! आपल्या दीपमाळेचें तेल मात्र दगडांत मुरतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

अर्थात् सगळेच रंग पुराव्यानें ठरत नाहींत. कांहीं ठिकाणीं कल्पनेची भर पडते, व तेथें माझें मन साशंक होतें.

हीच युक्ति अजिंठ्यास कोणी लावूं म्हणेल, तर त्यास अडवावें. तेथें मूळचे रंग अद्यापि भिंतींवर आहेत, आणि प्रखर प्रकाशानें रंग विटतात. त्या लेण्यांत दिवा मंदच हवा; डोळे अंधारास सरावेपर्यंत पाहणाऱ्यानें थोडें थांबावें.