पोटाचा घेर मोजा
(कळंब, ता. आंबेगाव येथील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणावरून)



कांदा, बटाटा, ऊस यांवर आपण नेहमीच बोलतो. आज पोटाच्या घेराविषयी बोलावयाचे आहे. डिंभे धरणाचे पाणी आले, बागायत वाढली. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, बांधावर जायला मोटारसायकल आली. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले. ताट मात्र औत हाकणाऱ्या गड्याचेच राहिले, त्यात हायवेवरच्या वडापावची भर पडली. कांद्याला नत्र जादा झाले की माना जाड होतात आणि कांदा चाळीत टिकत नाही, हे आपण जाणताच. शरीराचेही तसेच आहे.

“मी तर सडपातळ आहे” असे म्हणून सुटका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह होतो, त्याचे एक कारण हे आहे.

म्हणून शिंप्याची टेप घ्या. श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर मोजा. पुरुषांत ९० सें.मी. आणि स्त्रियांत ८० सें.मी.च्या पुढे घेर गेला की सावध व्हावे.

सुरुवात चहापासून करा. दिवसाला सहा कप आणि कपात दोन चमचे साखर धरली, तर ५०-६० ग्रॅम साखर पोटात जाते. ती २५ ग्रॅमच्या आत असावी. ऊस उत्पादकांपुढे हे बोलणे धाडसाचेच! जेवणात बाजरीची भाकरी, मटकी किंवा हुलग्याची उसळ, पालेभाजी ठेवा. वरचा भात निम्मा करा. रात्री लवकर जेवा. साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास हा वजन घटविण्याचा उपाय नव्हे. रोज किमान अर्धा तास, थोडी धाप लागेल इतके झपझप चाला. पाण्याची पाळी पाहायला गाडी नको.

माझ्या भगिनींनो, उरलेले वाया जाऊ नये म्हणून तुम्ही पातेले पुसून खाता. त्यापेक्षा शिजवतानाच मूठभर कमी टाका. मात्र खुरपणी-काढणीच्या दिवसांत उपाशी राहू नका. साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जेवणात बदल करावा.

आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले. महिन्याने पुन्हा टेप लावा आणि आकडा पिकाच्या हिशेबाच्या वहीतच लिहून ठेवा.